तान्ह्या मुलांचा इसब आणि घरगुती उपचार



तान्ह्या मुलाच्या गालांवर लाली चढली म्हणजे घरांतील माणसें प्रथम कौतुकच करतात. पुढें ती लाली खरखरीत होते, तीवर बारीक फोड उठतात, त्यांतून लस वाहते, खपली धरते, आणि मूल रात्रीं आपलें तोंड दुपट्यावर घाशीत रडूं लागतें. तेव्हां मग कौतुक सरतें आणि काळजी सुरू होते. काळजीपाठोपाठ उपचार सांगणारीं माणसें येतात. आजी दुधाची साय सुचविते, शेजारीण कडुनिंबाचा पाला सांगते, मालिश करणारी बाई हळद आणि डाळीचें पीठ पुढें करते, आणि एखादे स्नेही 'संपूर्ण वनस्पतिजन्य' अशी चिठ्ठी लावलेली मलमाची डबी घेऊन येतात. सर्वांचें म्हणणें एकच असतें कीं, डॉक्टरी औषधांच्या वाटेस जाऊं नका, नैसर्गिक उपायच बरे. या नैसर्गिक उपायांपैकीं कोणते खरोखर उपयोगाचे, कोणते निरुपयोगी, आणि कोणते अपायकारक, याविषयीं आज बोलावयाचें आहे.

आपण ज्यास इसब म्हणतों त्यास डॉक्टर मंडळी एक्झिमा म्हणतात. हा शब्द मूळचा ग्रीक असून 'उकळून वर येणें' असा त्याचा अर्थ आहे. ओला इसब एकदां पाहिला म्हणजे तो शब्द कां रूढ झाला हें निराळें सांगावें लागत नाहीं. तान्ह्या मुलांत आढळणाऱ्या प्रकारास 'अ‍ॅटोपिक डर्मटायटिस' हें नांव १९३३ सालीं वाइझ व सुल्झबर्गर या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनीं दिलें. दुसऱ्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत केव्हां तरी तो गाल, कपाळ व डोकें येथें प्रथम दिसूं लागतो, आणि नंतर हातापायांच्या बाहेरच्या अंगास पसरतो. लंगोटाखालचा भाग बहुधा सुटतो. मूल मोठें होऊं लागलें म्हणजे तोच इसब कोपरांच्या व गुडघ्यांच्या घड्यांत जाऊन बसतो. पुष्कळ मुलांत तो पुढें आपोआप ओसरतो. कांहींत मात्र टिकून राहतो. तो स्पर्शानें लागत नाहीं. घरांतील मोठ्या माणसांनाही रात्रीं खाज सुटूं लागली असेल आणि मुलाच्या तळहातांवर व तळपायांवर पुरळ असेल, तर मात्र तो इसब नसून खरूज असण्याचा संभव अधिक, आणि खरजेचा उपचार अगदीं निराळा आहे. म्हणून एकदां तरी जाणत्या डॉक्टरास मूल दाखवून रोग नक्की करून घ्यावा, आणि मग घरच्या उपायांचा विचार करावा.

हा रोग रक्त बिघडल्यामुळें होतो, आईनें उष्ण पदार्थ खाल्ल्यामुळें होतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. तींत तथ्य नाहीं. २००६ सालीं स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखवून दिलें कीं, इसब असलेल्या पुष्कळ मुलांत 'फिलॅग्रिन' नांवाचें एक प्रथिन तयार करण्याची आज्ञा देणारा अनुवंशाचा घटकच सदोष असतो. त्वचेचा सर्वांत वरचा थर ही एक भिंत आहे असें समजा. फिलॅग्रिन कमी पडलें कीं ती भिंत पोकळ राहते. आंतला ओलावा बाहेर निघून जातो, आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू व अन्नाचे कण आंत शिरतात. शरीर त्या पाहुण्यांशीं झुंजूं लागतें, आणि त्या झुंजीचीच आग व खाज आपल्यास दिसते. मूल खाजवितें, भिंत आणखी खचते, आणखी कांहीं आंत शिरतें, आणखी खाज सुटते. प्रत्येक मुलांत हा विशिष्ट दोष सांपडतोच असें नाहीं. परंतु भिंत कच्ची असणें हें मात्र जवळजवळ सर्वांत आढळतें. कोणताही उपाय सुचविण्यांत आला कीं आईनें एवढाच प्रश्न विचारावा: यानें भिंत भरून येते, कीं आणखी खरवडली जाते?

या कसोटीवर आपल्याकडील तान्ह्या मुलाची आंघोळ घासून पाहूं. कढत पाणी, अंगास चोळून चोळून लावलेलें डाळीचें पीठ, त्यांत हळद व साय, वरून पाण्याचे तांबे, नंतर वेखंडाची पूड, आणि शेवटीं निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा किंवा धूप टाकून दिलेली धुरी. निरोगी मुलास यांतलें बरेंचसें सोसतें, आणि त्या सगळ्या सोहळ्यांत जो मायेचा स्पर्श असतो त्याची किंमत मला कमी लेखावयाची नाहीं. पण इसब असलेल्या मुलास यांतील प्रत्येक गोष्ट नडते. कढत पाण्यानें त्वचेंतील स्निग्धता धुवून जाते. डाळीच्या पिठाचा रवाळपणा खरपुडी काढतो तशी नवी त्वचाही काढतो. वेखंडाची पूड ओलावा शोषून घेते. आणि धुरानें नुसती त्वचाच नव्हे, तर मुलाचीं फुफ्फुसेंही चुरचुरतात. शिवाय अशा मुलांना पुढें दमा होण्याचा संभव इतरांपेक्षां अधिक असतो, तेव्हां धुरी तर वर्ज्यच समजावी.

आंघोळ मात्र बंद करूं नये. 'पाणी लागूं देऊं नका' हा सल्ला जुना आहे, पण योग्य नाहीं. हाताच्या कोपरास कोमट लागेल इतपत पाणी घ्यावें, पांच ते दहा मिनिटांत आंघोळ आटोपावी, साबण शक्यतों नको, आणि लागलाच तर बिनवासाचा व सौम्य, तोही कांखा-जांघांपुरता. नंतर पंचानें न घांसतां अंग टिपून घ्यावें, आणि अंग अजून दमट आहे तोंच, दोन-तीन मिनिटांच्या आंत, स्निग्ध मलम सर्वांगास लावावें. सगळ्या घरगुती उपायांत याच्या तोडीचा दुसरा नाहीं. पाण्यांत कांहीं औषधी तेल मिसळावें काय, असें पुष्कळजणी विचारतात. ब्रिटनमध्यें सुमारें ४८० मुलांवर याची रीतसर परीक्षा करून २०१८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाण्यांत घातलेल्या अशा द्रव्यांचा ठळक फायदा दिसला नाहीं. पाणी जड असलें कीं इसब अधिक आढळतो, हें खरें. पण पाणी हलकें करणारीं यंत्रें बसवून पाहिल्यावरही इसबांत फरक पडला नाहीं, असें २०११ सालच्या दुसऱ्या एका ब्रिटिश परीक्षेंत आढळून आलें. तेव्हां तोही खर्च नको.

आतां तेलांविषयीं. 'तेल म्हणजे तेल' असें नाहीं. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासांत ऑलिव्ह तेलानें मोठ्या माणसांच्या त्वचेची भिंत दुर्बळ होते असें दिसलें. पुढें २०१५ सालीं मँचेस्टर येथें ११५ नवजात बालकांवर ऑलिव्ह व सूर्यफूल हीं दोन्हीं तेलें चार आठवडे वापरून पाहण्यांत आलीं, तेव्हां तेल न लावलेल्या मुलांच्या मानानें तेल लावलेल्या मुलांच्या त्वचेंतील स्निग्ध थरांची घडण मागें राहिलेली आढळली. मोहरीच्या तेलानें उंदरांची दुखावलेली त्वचा भरून येण्यास उलट विलंब लागला. आपल्या खोबरेल तेलाची हकीकत त्या मानानें बरी आहे. फिलिपाइन्समध्यें सौम्य व मध्यम इसब असलेल्या ११७ मुलांना आठ आठवडे खोबरेल किंवा खनिज तेल लावून पाहिलें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालांत खोबरेल तेल सरस ठरलें. तें कच्च्या खोबऱ्याचें, उष्णतेवांचून काढलेलें तेल होतें, आणि तीं मुलें तान्हीं नव्हतीं, हें ध्यानांत ठेवून मी म्हणेन कीं, कोंकणांतल्या किंवा गोव्यांतल्या आईनें स्वच्छ, बिनवासाचें खोबरेल तेल सौम्य इसबावर लावण्यास हरकत नाहीं. फक्त तें हलक्या हातानें लावावें. जिरवण्यासाठीं रगडूं नये.

पण सर्वांत भरंवशाचें व स्वस्त द्रव्य विचाराल, तर तें व्हॅसलीन. तें खनिज तेलापासून निघतें म्हणून 'कृत्रिम' ठरवून कित्येकजण त्यास नाक मुरडतात. अमेरिकेंत चेसब्रो नांवाच्या रसायनज्ञानें १८७२ सालीं त्याचा एकाधिकार नोंदविला, तेव्हां तेलविहिरींच्या नळ्यांवर सांचणाऱ्या मेणचट पदार्थापासूनच तें काढलेलें होतें. जमिनीच्या पोटांतून आलेली वस्तू अनैसर्गिक आणि गिरणींत गाळलेलें तेल नैसर्गिक, हा भेद मला तरी उमगलेला नाहीं. व्हॅसलीन ओलावा फार चांगला रोखतें, त्यास वास नाहीं, आणि त्याची अ‍ॅलर्जी अगदीं क्वचितच होते. मुंबईच्या घामट उन्हाळ्यांत तें चिकट वाटून घाम अडवितें, म्हणून तेथें दिवसा पातळ क्रीम व रात्रीं व्हॅसलीन अशी वांटणी करावी. कोणता प्रकार घ्यावा याचा फारसा घोळ घालूं नये. ब्रिस्टल येथील संशोधकांनीं ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल व घट्ट मलम या चारी प्रकारांची तुलना केली, आणि २०२२ सालीं जाहीर केलें कीं, गुणांत एकही दुसऱ्याहून सरस नाहीं. मुलास रुचेल व आईस झेपेल तें उत्तम. प्रमाण मात्र आपल्या समजुतीपेक्षां पुष्कळच अधिक असतें. सर्वांगास इसब असलेल्या मुलास आठवड्यास पाव किलो व त्याहूनही अधिक मलम लावावें, असें ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शनांत सांगितलेलें आहे, आणि आपल्याकडे तर चिमुकली डबी महिनाभर पुरवितात! मलम डबींतून बोटानें न काढतां स्वच्छ चमच्यानें काढावें. मलम मुरलेले कपडे व दुपटीं विस्तवास लवकर पेट घेतात, म्हणून देवघरांतील निरांजन व शेगडी यांपासून मूल दूर ठेवावें.

इसब होऊंच नये म्हणून जन्मल्या दिवसापासून सर्वच मुलांस मलम लावावें काय? ब्रिटनमध्यें १३९४ बालकांवर हा प्रयोग झाला व २०२० सालीं त्याचें फळ कळलें: इसब टळला नाहीं, उलट त्वचेचे संसर्ग किंचित अधिक झाले. मलम हें रोग झाल्यावरचें साधन आहे.

डाळीचें पीठ व साय यांकडे पुन्हां एकदां वळावें लागतें, कारण त्यांतला खरा धोका खरवडण्याहून मोठा आहे. जी भिंत फुटलेली आहे तिच्यावर आपण अन्न चोळतों. पोटाच्या वाटेनें आलेल्या अन्नाशीं शरीर मैत्री करावयास शिकतें. फुटक्या त्वचेंतून शिरलेलें तेंच अन्न त्यास शत्रूसारखें वाटूं लागतें. २००३ सालीं ब्रिटनमधील मुलांच्या पाहणींत असें आढळलें कीं, शेंगदाण्याचें तेल असलेलीं मलमें ज्यांच्या सुजलेल्या त्वचेवर लावलीं होतीं, त्यांच्यांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी अधिक होती. जपानमध्यें गव्हाच्या प्रथिनाचे तुकडे घातलेला तोंड धुण्याचा एक साबण फार खपत असे. तो वापरणाऱ्या दोन हजारांवर माणसांना पोळी-पाव खाऊन अंगावर गांधी उठूं लागल्या, कित्येकांना गुदमरल्यासारखें झालें, आणि त्या साबणाचा बोभाटा २०११ सालीं देशभर झाला. हें कळल्यावर इसबाच्या जखमांवर साय, दूध, बेसन, कणीक किंवा बदामाचें तेल लावण्याचें धाडस मी कोणास करूं देणार नाहीं.

याची दुसरी बाजूही मौजेची आहे. लंडनमधील डॉ. गिडियन लॅक व त्यांचे सहकारी यांनीं तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेलीं, चार ते अकरा महिन्यांचीं ६४० मुलें निवडलीं. निम्म्यांना शेंगदाण्याचा पदार्थ नियमानें खाऊं घातला, निम्म्यांना वर्ज्य केला. पांचव्या वर्षीं पाहतां, खाणाऱ्यांत त्या अ‍ॅलर्जीचें प्रमाण सुमारें ऐंशी टक्क्यांनीं कमी भरलें. हा निष्कर्ष २०१५ सालचा. तेव्हां इसब आहे म्हणून वरचें अन्न वर्षभर लांबणीवर टाकणें हें उलटेंच होय. मात्र इसब तीव्र असेल तर अशा पदार्थांचा आरंभ डॉक्टरांस विचारून करावा, आणि दाणे कधींही अखंड देऊं नयेत. ते घशांत अडकतात.

खाण्याचा विषय निघाला आहे तर आईच्या पथ्याचेंही सांगतों. अंगावर पाजणाऱ्या आईचें दूध-दुभतें, डाळी, शेंगदाणे, वांगें, सगळें एकेक करून बंद करीत जातात. शेवटीं ती वरण-भातावर येते, आणि मुलाचा इसब होता तसाच राहतो. एखाद्या विशिष्ट पदार्थानंतर थोड्याच वेळांत गांधी, उलटी किंवा जुलाब होत असतील, तर त्या पदार्थाचा विचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीं करावा. सरसकट उपासमार नको. अमेरिकेंत इसब असलेल्या एका मुलास दूध सोसत नाहीं अशा समजुतीनें दुधाऐवजीं तांदळाचें पेय देत राहिले, आणि धान्यानें भरलेल्या त्या देशांत प्रथिनांच्या अभावीं होणाऱ्या सुजेचा रोग त्यास जडला. वैद्यकीय नियतकालिकांत २००१ सालीं याची नोंद झाली आहे.

कडुनिंब, कापूर व बोरिक पावडर यांविषयीं थोडक्यांत, पण निक्षून. कडुनिंबाचें तेल तान्ह्या मुलाच्या पोटांत एक थेंबही जाऊं देऊं नये. मलेशियांत तें पाजल्यामुळें मुलांच्या मेंदूवर व यकृतावर प्राणघातक परिणाम झाल्याची हकीकत १९८१ सालीं प्रसिद्ध झाली. खाजेवर खोबरेल तेलांत कापूर घालून लावण्याची चाल घरोघर आहे. कापूर फुटक्या त्वचेंतून रक्तांत शिरतो व लहान मुलांना त्यानें झटके येऊं शकतात. बोरिक पावडरही तशीच जखमेंतून शोषली जाऊन विषासमान होते.

आणि ती वनस्पतिजन्य मलमाची डबी? बर्मिंगहॅम येथील डॉक्टरांनीं इसबासाठीं लोक वापरीत असलेल्या २४ वनस्पतिजन्य मलमांची प्रयोगशाळेंत तपासणी केली व २००३ सालीं निकाल छापला. चोवीसांपैकीं वीस मलमांत स्टेरॉइड निघालें, आणि कांहींत तर तान्ह्या मुलाच्या गालांवर कोणताही समंजस डॉक्टर लावणार नाहीं इतकें जहाल. ज्या आईबापांनीं स्टेरॉइडच्या भीतीनें तीं मलमें घेतलीं, त्यांनींच तें नकळत, बेहिशेबी लावलें. जें मलम दोन दिवसांत जादू करतें आणि सोडतांच रोग दुप्पट उसळतो, त्याविषयीं संशयच घ्यावा. भारतांत २०१८ सालीं स्टेरॉइडच्या कित्येक मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकूं नयेत असें बंधन घालण्यांत आलें. तरीही नायट्यासाठीं म्हणून मिळणारीं मिश्र मलमें घरांत पडलेलीं असतात व तींच मुलास लावलीं जातात.

'इसब दाबूं नये, तो दाबला तर दमा होतो' ही समजूत मला सर्वांत अनर्थकारक वाटते. इसब असलेल्या मुलांपैकीं कांहींना पुढें दमा होतो, हें निरीक्षण बरोबर आहे. पण दोन्हीं एकाच प्रकृतीचीं फळें आहेत. एक मिटल्यामुळें दुसरें उगवत नाहीं. उलट, फुटक्या भिंतींतून अ‍ॅलर्जीचा प्रवेश होतो हें आतांच आपण पाहिलें. तेव्हां त्वचा लवकर बरी करणें यांतच शहाणपण. त्वचेवर लावण्याच्या हायड्रोकॉर्टिझोनचा गुण १९५२ सालीं सुल्झबर्गर व विटन यांनीं प्रसिद्ध केला. सौम्य स्टेरॉइड मलम, डॉक्टरांनीं सांगितलेल्या जागीं, सांगितलेले दिवस, पातळ थरानें लावलें, तर त्यापासून अपाय सहसा होत नाहीं. वाटेल तसें महिनोन् महिने लावलें तर त्वचा पातळ होते, हेंही तितकेंच खरें. आग भडकलेली असतां नुसतें व्हॅसलीन पुरत नाहीं, एवढें पत्करावें.

तें न पत्करल्यास काय होतें, याचा दाखला न्यायालयाच्या दफ्तरांत आहे. भारतांतून ऑस्ट्रेलियांत गेलेल्या एका सुशिक्षित दांपत्याच्या मुलीस चौथ्या महिन्यांत इसब निघाला. वडील स्वतः होमिओपॅथीचे चिकित्सक. डॉक्टरांनीं तज्ज्ञाकडे जाण्यास सांगितलें असतांही त्यांनीं आपल्याच गोळ्यांवर भर ठेवला. त्वचा फुटत गेली, मुलीचें वजन घटलें, जंतू रक्तांत शिरले, आणि २००२ सालीं नऊ महिन्यांची ती मुलगी सिडनी येथें मरण पावली. २००९ सालीं तेथील न्यायालयानें आईबाप दोघांसही कारावासाची शिक्षा दिली. त्या आईबापांचें मुलीवर प्रेम नव्हतें असें कोण म्हणेल? इसबानें मूल मरत नाहीं हा आपला नेहमींचा दिलासा. पण त्या जखमांतून जें आंत शिरतें त्यानें मरूं शकतें.

म्हणून कांहीं चिन्हें दिसतांच घरचे उपाय बाजूस ठेवावे. मधासारखी पिवळी खपली, पू, ताप, किंवा मूल दूध ओढीनासें होणें हीं जंतुसंसर्गाचीं लक्षणें. एकाच आकाराचे, पंचानें भोंकें पाडावीं तसे बारीक खोलगट व्रण झपाट्यानें पसरूं लागले, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. ओठांवर ज्वरफोड उठविणारा विषाणू इसबांत शिरला कीं असें होतें. ज्याच्या ओठांवर असा फोड आहे त्यानें, मग ते आजोबा असोत कीं कौतुकानें आलेली मावशी, मुलाचा मुका घेऊं नये.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, पण रोजच्या आहेत. नखें दोन-तीन दिवसांआड कापावीं. आजीचें पातळ धुऊन धुऊन मऊ झालेलें असतें. त्याच्या दुपट्यासारखें दुसरें वस्त्र नाहीं. लोकरीचें टोपडें व स्वेटर अंगास थेट लागूं देऊं नये, आंत सुती झबलें घालावें. कपडे दोन पाण्यांतून अधिक खळबळावे, म्हणजे धुण्याची पूड उरत नाहीं. उन्हाळ्यांत घाम आला कीं ओल्या फडक्यानें टिपावा. थंडींत पुण्या-नाशिककडे हवा कोरडी होते, तेव्हां मलमाच्या वेळा वाढवाव्या.

शेवटीं लसींविषयीं. इसब आहे म्हणून लस पुढें ढकलावी, असें आजही घरांतील वडील मंडळी सांगतात. त्यांचें सांगणें अगदींच निराधार नाहीं. देवीची लस इसब असलेल्या मुलास देत नसत, कारण तिनें सर्वांगभर भयंकर फोड येत. पण देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें, आणि मुलांना ती लस देण्याचें कारणच उरलें नाहीं. हल्लींच्या ठराविक वेळापत्रकांतील लसी इसब असतांनाही वेळच्या वेळीं देतां येतात. फक्त सुई टोंचावयाची जागा इसबानें फुटलेली नसावी.